दाढ दुखायची थांबली, म्हणजे बरी झाली काय?

सिंदेवाही तालुक्यातील एका शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात, खालची उजवी दाढ पंधरा दिवसांपूर्वी सलग तीन रात्री दुखली. झोप नाही, जेवण नाही. मेडिकल स्टोअर्समधून गोळ्या आणून घेतल्या. आता काहीच दुखत नाही, गरम-थंडही लागत नाही. घरचे म्हणतात, एकदा दवाखान्यात दाखवून या. पण धानाची रोवणी ऐन भरात आहे, मजूर मिळत नाहीत आणि दाढ तर शांत आहे. मग दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर दाखवले तर चालेल काय?

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतून माझ्याकडे येणाऱ्या रोग्यांना मी विचारतो, केव्हापासून दुखते? उत्तर बहुधा ठरलेले असते. "साहेब, मागच्या वर्षी दुखत होती, मग मधात थांबली होती." या "मधात थांबली होती" मध्येच सारे पाणी मुरते. म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

दात हा वरून दगडासारखा दिसत असला तरी तो जिवंत अवयव आहे. वरचे पांढरे आवरण, ज्याला इनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. त्याला संवेदना नसते. त्याच्या आत डेंटिनचा थर आणि त्याच्याही आत एका पोकळीत मज्जा असते. मज्जेत बारीक रक्तवाहिन्या आणि संवेदनातंतू असतात. लोक तिला दाताची नस म्हणतात. मुळाच्या टोकाला असलेल्या अगदी बारीक छिद्रांतून तिला रक्त मिळते. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, तो पुढे कामाला येईल.

दात किडतो असे आपण म्हणतो, पण त्यात किडा नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन "किडा काढून देणारे" अजूनही बाजारात भेटतात. ते जे दाखवतात, ते दातातून आलेले नसते. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० सालीच मांडले होते, की तोंडातील सूक्ष्म जंतू साखर आणि पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताला विरघळवते. आज आपल्याला यातील बारकावे अधिक कळले आहेत, पण गाभा तोच आहे.

कीड इनॅमलमध्ये असते तोवर काहीच दुखत नाही. काळा ठिपका दिसतो, अन्न अडकते, एवढेच. ती डेंटिनपर्यंत पोचली की थंड पाणी किंवा गोड लागले की सणक येते, आणि तोंडातला घास गेला की काही क्षणांत थांबते. इथपर्यंत मज्जा चांगली असते. कीड साफ करून सिमेंट भरले की काम भागते. एका बैठकीत होणारे, कमी खर्चाचे काम. अशा दाताला पंधरा दिवस, महिनाभर थांबवले तर आभाळ कोसळत नाही, हे मी मोकळेपणाने सांगतो. डॉक्टर प्रत्येक गोष्टीला "ताबडतोब" म्हणतात आणि त्यामुळे खरोखर ताबडतोब असलेल्या गोष्टीकडेही लोक कानाडोळा करतात.

खेळ बदलतो तो पुढच्या पायरीवर. जंतू मज्जेपर्यंत पोचतात आणि मज्जेला सूज येते. हातावर फोड आला तर कातडी ताणली जाते, फुगायला जागा मिळते. दाताच्या आत चारही बाजूंनी टणक भिंती. सूज जाणार कुठे? ती संवेदनातंतूंनाच दाबते. म्हणून हा ठणका असा, की माणूस भिंतीवर डोके आपटून घेईल. आडवे झाले की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री दुखणे जास्त. रोगी उशीला टेकून बसून रात्र काढतो. गरम चहा लागला की कळ येते आणि ती चहा संपल्यावरही दहा-पंधरा मिनिटे राहते. काहींना थंड पाण्याची गुळणी तोंडात धरली की बरे वाटते. काही न खाता-पिता आपोआप दुखणे, रात्री जागवणे, गरम लागल्यावर बराच वेळ ठसठसणे, ही लक्षणे असली की समजावे, मज्जा आता सावरणार नाही. नुसते सिमेंट भरून भागण्याची वेळ बहुधा गेलेली असते. पण मुळाचा उपचार, म्हणजे रूट कॅनॉल, करून दाढ वाचवता येते.

आणि मग एके दिवशी दुखणे थांबते. रोग्याला वाटते गोळ्यांनी काम केले, कोणाला वाटते लवंगेने, कोणाला मंत्राने. प्रत्यक्षात झालेले असते ते असे, की मज्जा मेलेली असते. मेलेल्या संवेदनातंतूला दुखत नाही. आमच्या पत्रलेखकांना आता गरम-थंड लागत नाही, ही त्यांना दिलासा देणारी खूण मला नेमकी उलट सांगते.

मेलेली मज्जा दाताच्या आत कुजते. जंतू मुळाच्या टोकातून बाहेर जबड्याच्या हाडात उतरतात. मग घास चावताना दाढ उंच झाल्यासारखी वाटते, बोटाने ठोकली तर दुखते, हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. पुळीतून पू वाहून जात असेल तर आतील दाब वाढत नाही आणि दुखतही नाही. अशी वाहती पुळी घेऊन वर्षानुवर्षे हिंडणारी माणसे मी पाहिली आहेत. हाड मात्र आतून झिजत असते आणि एखाद्या दिवशी वाट बंद झाली की गाल सुजून येतो.

इथेच मेडिकल स्टोअर्सच्या गोळ्यांचा प्रश्न येतो. अँटिबायोटिक औषध रक्तातून जाते. मेलेल्या दाताच्या आत रक्तच जात नाही, मग औषध पोचणार कसे? ते बाहेर हाडात पसरलेले जंतू काही दिवस दाबून ठेवते, इतकेच. घर दाताच्या आत शाबूत राहते. म्हणून तीन दिवसांच्या कॅप्सूलने बरे वाटते आणि दोन महिन्यांनी तेच दुखणे पुन्हा उभे राहते. दरवेळी अर्धवट औषध घेतल्याने जंतू त्या औषधाला सरावतात, ते वेगळेच.

आता पत्राचे उत्तर. गालावर किंवा जबड्याखाली सूज नसेल, ताप नसेल, तोंड नेहमीसारखे उघडत असेल, मधुमेह नसेल, तर रोवणीचे राहिलेले आठ-दहा दिवस संपवून या. त्याला माझी हरकत नाही. शेतकऱ्याचा हंगाम मला कळतो. पण दिवाळीनंतर नको. तीन महिने ही दाढ गप्प बसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि आज जी दाढ मुळाच्या उपचाराने वाचेल ती तेव्हा बहुधा काढावीच लागेल. शिवाय खालची दाढ गेली की वरची हळूहळू खाली सरकते, बाजूच्या दाढा कलतात, त्या बाजूने भाकरी चावणे अवघड होते. आणि या आठ-दहा दिवसांत सूज दिसली तर ठरलेला दिवस विसरा, त्याच दिवशी निघा.

गावाचा रस्ताही हिशेबात धरावा लागतो. नागपूर-पुण्याच्या माणसाने "उद्या बघू" म्हणणे आणि भामरागड-सिरोंच्याकडच्या माणसाने म्हणणे यात फरक आहे. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण कितीतरी पावसाळ्यांत वाचल्या आहेत. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. नदी-नाल्यांपलीकडच्या माणसाने कुरबुर करणारी दाढ पावसाळ्यावर सोडू नये. मोहफुले वेचून झाली आणि तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला, की पेरणीआधीचे ते थोडे दिवस दातासाठी ठेवावेत. ज्यांना तेव्हा जमले नाही त्यांनी धान कापून झाल्यावर, मंडई-नाटकांच्या दिवसांत एक फेरी मारावी. दुखत नसताना मारलेली फेरी सर्वांत स्वस्त पडते.

रात्रही थांबू नये असे दुखणे

काही खुणा अशा आहेत की तिथे हंगाम, बाजार, लग्न काही पाहायचे नाही. सूज जबड्याच्या खाली, गळ्याकडे उतरली, जिभेखालचा भाग टणक होऊन जीभ वर उचलली गेली, थुंकी गिळता येईना, लाळ गळू लागली, आवाज बदलला, श्वास लागला, वरच्या दाताच्या सुजेने डोळा मिटत आला, थंडी वाजून ताप आला, दोन-तीन दिवसांतच तोंड उघडेनासे झाले. जबड्याखालच्या या पसरत्या सुजेचे वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली केले. तिच्याने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा श्वास कोंडून. दुखऱ्या दाढेने माणूस मरतो हे अनेकांना खरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

अशा वेळी दातांचाच डॉक्टर शोधत बसू नका. जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, हेमलकशाच्या बाजूला असाल तर लोकबिरादरीचा दवाखाना, जे जवळ असेल ते गाठा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तिथे शिरेतून औषध सुरू होईल, गरज पडल्यास चिरा देऊन पू काढतील किंवा पुढे पाठवतील. दाढेचे काम नंतर.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. गडचिरोली हा हिवतापाचा जिल्हा. पावसाळ्यात ताप आला की घरचे हिवताप धरून चालतात. रक्त तपासावेच, त्यात चूक नाही. पण त्याच वेळी जबडा सुजला असेल, दाढ ठणकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. एक ताप दुसऱ्याच्या आड लपतो.

सिकलसेलचे रोगी या दोन्ही जिल्ह्यांत बरेच आहेत. त्यांच्यासाठी नियम वेगळा. जंतुसंसर्ग, ताप आणि अंगातील पाणी कमी होणे यांनी त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून त्यांनी पिकलेली दाढ अंगावर काढूच नये. उलट कधी कधी दात धडधाकट असतानाही सिकलसेलमुळेच जबडा दुखतो. अशा वेळी घाईने दाढ उपटून घेऊन काही मिळत नाही. आपले सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांना आधी दाखवा. मधुमेह्यांनीही सूज आल्यावर एक दिवस वाट पाहू नये. साखर वाढलेली असली की जंतू पसरतात, आणि जंतू पसरले की साखर आणखी वाढते.

चालताना, ओझे उचलताना डावा जबडा दुखतो आणि बसले की थांबतो, असे असेल तर ते दाढेचे नसून हृदयाचे असू शकते. त्यासाठी दातांच्या नव्हे, हृदय तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जा, आणि लगेच.

तोवर घरी काय करावे

कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. अडकलेले अन्न हलक्या हाताने काढावे. लवंगेचे तेल कापसाच्या अगदी छोट्या बोळ्यावर घेऊन फक्त किडलेल्या खळग्यात ठेवावे, हिरडीला लागू देऊ नये. प्रौढ माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या सहा-सहा तासांच्या अंतराने घ्याव्यात, चोवीस तासांत आठच्या वर कदापि नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारूनच. दुखण्याच्या मिश्र गोळ्यांमध्येही बहुधा पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नका. आयब्रुफेन चांगले काम करते, पण जेवल्यावर. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि डेंग्यूची शंका असलेल्या तापात आयब्रुफेन, ॲस्पिरीन दोन्ही वर्ज्य.

ॲस्पिरीनची गोळी दाढेशी दाबून ठेवणारे पुष्कळ आहेत. तिने हिरडी पांढरी पडून भाजते, दाढ तशीच राहते. बिब्ब्याचा चटका, रॉकेलचा बोळा यांबद्दल लिहायची वेळ येऊ नये, पण येते. गाल सुजल्यावर बाहेरून गरम विटेने किंवा मिठाच्या पुरचुंडीने शेकू नका. पू बाहेरच्या बाजूला ओढला जाऊन गालावर फुटू शकतो आणि त्याचा व्रण जन्मभर राहतो.

तंबाखूचे तर सांगायलाच नको. दाढ दुखते म्हणून चिमूटभर तंबाखू किंवा गुडाखू लावतात. घटकाभर बधिर वाटते. दाढ पुढे पडून जाते, सवय मात्र राहते. आपल्या भागातील कितीतरी बायाबापड्यांचे व्यसन असे औषध म्हणून सुरू झालेले आहे.

खर्रा खाणाऱ्यांसाठी

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा मजकूर वेगळा लिहावाच लागतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या खर्ऱ्याने गालाची आतली कातडी हळूहळू कडक होते, पांढरट पडते, तिखट सोसत नाही आणि तोंड कमी कमी उघडू लागते. हे सुजेने दोन दिवसांत होणारे नव्हे, महिन्या-महिन्यांनी होणारे आहे. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांच्या मध्ये जातात काय ते पाहा. जात नसतील तर दाखवून घ्या.

अशा माणसाने मागच्या दाढेचे काम मुळीच लांबवू नये. कारण साधे आहे. मुळाचा उपचार असो की दाढ काढणे, आमचा हात आणि हत्यार शेवटच्या दाढेपर्यंत पोचले पाहिजे. आज तोंड जेवढे उघडते तेवढे पुढच्या वर्षी उघडेल याचा भरवसा नाही. दाढ वाचवण्यासारखी असूनही केवळ तोंड उघडत नाही म्हणून काम करता आले नाही, असे रोगी आमच्याकडे येतात. शिवाय दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले छाले, पांढरा-लाल चट्टा, कीड नसताना एकच दात हलू लागणे, दाढ काढल्यावर न भरणारा खळगा, ही कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. त्यासाठी दुखण्याची वाट पाहायची नसते, कारण सुरुवातीला तो दुखतच नाही. गडचिरोलीत "सर्च" संस्था आणि शासन यांच्या सहभागातून २०१६ साली मुक्तिपथ अभियान सुरू झाले, ते खर्रा आणि दारूचे या जिल्ह्यातील प्रमाण पाहूनच.

थोडे लहान मुलांचे आणि इतर

"दुधाचेच दात आहेत, पडतील" हे अर्धेच खरे आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. पाच वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ पाच-सहा वर्षे अशीच ठेवणार काय? आणि सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ येते, ती कायमची असते. कोणताही दात न पडता ती उगवते, म्हणून आईवडील तिला दुधाची समजतात. पहिली किडते तीच.

दातांवर तपकिरी डाग, खडबडीत पट्टे असतील तर ती कीडच असेल असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याचे ते डाग असू शकतात. ते दिसायला वाईट, पण त्यासाठी रात्री-बेरात्री धावायला नको. सवडीने दाखवा आणि गावाचे पाणी तपासून घेण्याचा आग्रह धरा. गर्भार बाईने सूज किंवा तीव्र वेदना असल्यास केव्हाही दाखवावे. एरवीच्या कामासाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा. वरची दाढ काढली की डोळ्याची नजर जाते, ही समजूत निखालस खोटी. दाढेची आणि दृष्टीची नस वेगळी आहे.

गडचिरोलीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात दातांचा विभाग आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या कामासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क केले आहेत. लहान रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी असतात ते आशाताईंकडे किंवा फोनवर विचारून मगच एसटीत बसा.

जाताना उपाशी जाऊ नका. दाढ काढायची म्हणून लोक सकाळपासून काही खात नाहीत आणि खुर्चीत चक्कर येते. चालू औषधांच्या चिठ्ठ्या न्या. हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली असेल, तर सांगा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील तर त्या मनाने बंद करू नका, फक्त सांगा. दाढ काढलीच तर बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, चोवीस तास चूळ भरू नका, सारखे थुंकू नका, दोन दिवस बांधीत वाकून काम नको. जखम भरेपर्यंत खर्रा आणि विडी बंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, तर पुन्हा दाखवायला या.